नव्या ट्रॅकवर सासूबाईंचं पिवळं कापड

परवा फोनवर तुम्ही दोघं मला हसलात. तुमच्याकडे टीव्हीवर गाड्यांची शर्यत चालू होती आणि मी इथून, म्हैसूरहून, सांगत होते की पिवळा झेंडा दिसला म्हणजे पुढे कोणीतरी पडलंय, आता वेग कमी करायचा, कोणी कोणाला ओलांडायचं नाही. "आजी, तुला हे कसं माहीत?" तर आता नीट पहिल्यापासून सांगते. अधलंमधलं सांगायची मला सवय नाही.

शर्यतीचं वेड आपल्या घरात आणलं तुमच्या धाकट्या आजोबांनी, म्हणजे माझ्या दिरांनी. घर रंगाऱ्यांचं. चामराजपुरमच्या घरामागे रंगाचे हंडे, दोऱ्यांवर ओली कापडं. भावजी मात्र मोटारसायकलच्या कारखान्यात नोकरीला लागले आणि सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात इंजिन खोलून बसू लागले. पोळ्यांना पेट्रोलचा वास येई.

तेव्हा मद्रासकडे शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेला ट्रॅक नव्हता. शोलावरमला लढाईच्या काळातली विमानांची जुनी धावपट्टी होती. तिच्यावर रिकामी पिंपं आणि गवताचे भारे मांडून वळणं करायची, आणि शर्यती संपल्या की सगळं उचलून न्यायचं. तरी माणसं लोटायची, झाडांवर चढून बघायची. तिथेच एकदा भावजींची गाडी घसरली, ते पिंपावर आदळले आणि खांद्याचं हाड मोडून घरी आले.

तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "आता पुरे. बेडा ती शर्यत."

बेडा म्हणजे नको. आमच्या घरात नकार कानडीतून आला की तो पक्का समजायचा.

पुढे मद्रासच्या हौशी मंडळींनी श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला माळरान घेतलं आणि थांबत थांबत, कित्येक वर्षं खपून, तिथे कायमचा ट्रॅक बांधला. ती बातमी आली तेव्हा भावजींना जेवण जाईना.

"आई, खरा ट्रॅक आहे गं! पिंपं नाहीत, काही नाही. वळणाच्या बाहेर मोकळी जागा ठेवलीय. पडलं तरी लागत नाही."

"लागत नाही म्हणे! गादी घातलीय का सरकारने?"

"सरकारने नाही, क्लबने."

"मग तर बघायलाच पाहिजे," सासूबाई म्हणाल्या. "मी येते. डोळ्यांनी बघते आणि सांगते. मी नको म्हटलं तर गाडी विकायची. आयतु?"

"आयतु," भावजी म्हणाले. ठरलं. पण त्यांचा चेहरा असा उतरला की जणू गाडी आत्ताच कोणीतरी घेऊन चाललंय.

आम्ही भाड्याच्या मॅटाडोरमधून गेलो. मागे दोरांनी बांधलेली मोटारसायकल, तिच्या शेजारी चित्रान्नाचे, म्हणजे फोडणीच्या लिंबूभाताचे डबे आणि डब्यांवर सासूबाईंचं गाठोडं. त्यात काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही.

आणि काय तो ट्रॅक! लाल मातीच्या माळावर काळीभोर, गुळगुळीत पट्टी, वळणांना लाल-पांढऱ्या कडा. धावपट्टीवर गाड्या नुसत्या सरळ सुटायच्या. इथे त्या वळणात आडव्या व्हायच्या, गुडघा जमिनीला टेकतोय असं वाटायचं, आणि पुन्हा उभ्या. तुमचे आजोबा भावजींच्या मदतीला आत थांबले. सासूबाई आणि मी एका वळणापाशी, कुंपणाला लागून मातीच्या उंचवट्यावर बसलो. पहिल्याच शर्यतीत एक मुलगा घसरला, वळणाबाहेरच्या मोकळ्या जागेत लोळत गेला आणि धूळ झटकून उभा राहिला.

"उठला की गं," सासूबाई पुटपुटल्या.

मग भावजींची शर्यत. झेंडा पडला आणि आवाज असा फुटला की माझ्या हातातल्या चहाला तरंग उठले. भावजी मधल्या घोळक्यात होते. सासूबाईंनी गाठोडं सोडलं आणि आतून हळदीच्या रंगाचं लखलखीत पिवळं कापड काढलं. आमच्याकडे रीत होती, नवा हंडा लागला की त्यातलं पहिलं कापड विकायचं नाही, दारावर लावायचं. नव्या ट्रॅकसाठी त्यांनी मुद्दाम रंगवून आणलं होतं. इथे दार नव्हतं, म्हणून त्या नऊवारी सावरत कुंपणापाशी उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी ते हलवू लागल्या.

गाड्या आल्या, आणि एकदम सगळ्यांचा वेग पडला. भावजींचाही.

"बघ, कसे सावकाश जातात," सासूबाई खूश झाल्या. "उगीच घाबरत होते मी."

पुढच्या फेरीला पुन्हा तेच. पण या वेळी भावजींची मान आमच्याकडे वळली. बाकीचे हळू होत होते आणि हे खाली वाकले, आणि एक, दोन, तीन गाड्यांच्या बाहेरून सुसाट निघून गेले! मी किंचाळले. मी, शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई, भर मैदानात शिट्टी मारायला बघत होते.

तेवढ्यात पांढऱ्या कपड्यांतला एक स्वयंसेवक धावत आला. "यलो, अम्मा, यलो!"

"हौदु, यलोच," सासूबाई म्हणाल्या. "सुम्मने, उगीच का ओरडतोस? हळद आहे."

त्याने हात जोडून कापड मागून घेतलं आणि पिवळ्या झेंड्याचा अर्थ मला सांगितला. मी तो सासूबाईंना सांगितला. त्या खाली बसल्या आणि शर्यत संपेपर्यंत पुढच्या वळणाकडे बघत राहिल्या.

भावजी तिसरे आले. ओलांडलेल्यांनी तक्रार केली, पण पंचांनी हसत सांगितलं की तो झेंडा ट्रॅकवाल्यांचा नव्हताच, निकाल कायम. भावजी छोटासा कप घेऊन धावतच आले.

"आई, बघितलंस?"

"बघितलं. पिवळं दिसलं तरी तू का थांबला नाहीस?"

"ते तुझं होतं ना! पहिल्या फेरीला फसलो. दुसऱ्या फेरीला तुझी नऊवारी दिसली."

"आणि माझ्या पुढे खरंच कोणी पडलं असतं तर?"

भावजींनी कप पाठीमागे धरला. मी मनात म्हटलं, गेली गाडी.

"जागा चांगली आहे," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "पोरंही चांगली आहेत. एका कापडाचं ऐकतात. त्यांच्यात राहून तूही शिकशील. गाडी राहू दे. पण तो कप तुझा नव्हे. ज्याला शेवटी मागे टाकलंस त्याला देऊन ये."

तो कोइमतूरचा एक उंच मुलगा होता. तो कप घेईना, भावजी परत घेईनात. शेवटी दोघंही आमच्या मॅटाडोरपाशी आले आणि चित्रान्न खायला बसले. जाताना तो मुलगा सासूबाईंच्या पाया पडला आणि त्याने मला इंग्रजीत विचारलं, अम्मा पुढच्या शर्यतीला येणार का?

मी विचारलं. सासूबाई पदराने हात पुसत म्हणाल्या, "येईन. रिकाम्या हातांनी येईन, सांग त्याला."