साठ ग्रॅमची सवाष्ण

आईचं वजन कमी करायचं ऑपरेशन गुडगावच्या एका हॉस्पिटलात झालं. घरी सोडण्याआधी तिथल्या डाएटिशियनने आम्हा तिघांना समोर बसवून विचारलं, "घर में नाप-तौल कौन करेगा?" आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी मोबाइलकडे. मी शाळेत करायचे तसा हात वर केला.

"गुड. आंटी को अंदाज़े से कुछ नहीं देना है. अंदाज़े से ही तो यहाँ तक पहुँची हैं," ती म्हणाली. आई हसली. मी हसले नाही, पण वाक्य लक्षात ठेवलं.

पहिले पंधरा दिवस नुसतं पातळ. खोकल्याच्या औषधाबरोबर जे छोटं प्लास्टिकचं माप येतं, ते तीस मिलीच्या रेघेपर्यंत भरायचं आणि तिने ते पंधरा मिनिटांत घोट घोट संपवायचं. डाळीचं पाणी, ताक, गाळलेलं सूप. मग वाटलेलं, मग मऊ. मऊवर आलो तेव्हा मी वजनकाटा मागवला. एका वेळेला साठ ग्रॅम. आधी पनीर किंवा अंडं, जागा उरली तर भात. प्रत्येक घास पंचवीस वेळा चावायचा. गोड बंद.

काट्यावर त्रेसष्ट आलं की मी तीन ग्रॅम चमच्याने परत काढून घ्यायचे.

"अगं, तीन ग्रॅमनं काय होतंय? तेवढं तर चमच्यालाच चिकटतं."

"रूल आहे."

"तोंड उघडत नाही कधी, आणि उघडलं की रूल," आई बाबांना म्हणायची.

त्या तीन ग्रॅमची काही गरज नव्हती. डाएटिशियनला विचारलं असतं तर ती 'चलता है' म्हणाली असती. म्हणून मी विचारलं नाही. मला ते काम आवडत होतं. आई ताटलीकडे बघत असताना काट्याचा आकडा खाली येताना बघणं मला आवडत होतं.

लहानपणी आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. तिथे माझं खाणं आई मोजायची, तेही लोकांसमोर. मी अकरा वर्षांची होते तेव्हाचं सांगते. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे श्रावणातल्या शुक्रवारी आई सवाष्ण म्हणून जेवायला जायची आणि मी तिच्याबरोबर. काकूंनी माझ्या ताटात दुसरी पुरणपोळी वाढली. आईने ती तुपासकट उचलून स्वतःच्या ताटात घेतली. "हिला नको हो. आत्तापासूनच हिचे फ्रॉक शिवून घ्यावे लागतायत, रेडीमेड बसत नाहीत. हिच्या वाटची मी खाते." सगळ्या हसल्या. आईने ती पोळी खाल्ली आणि वर आणखी एक मागून घेतली.

ती काकूंची लाडकी सवाष्ण होती, ती याच खाण्यामुळे. दिल्लीत मराठी बायका मिळतात, पण पुरणावर मनापासून जेवणारी बाई मिळत नाही. पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या नव्या मुली अर्धी पोळी खाऊन "काकू, बिल्कुल नको" म्हणतात. आई चार खायची. "वहिनी जेवल्या की देवी जेवल्यासारखं वाटतं," असं काकू म्हणायच्या, आणि आई दरवर्षी ते वाक्य घरी आणून बाबांना ऐकवायची. तिच्याबद्दल एवढं चांगलं बाकी कोणी काही बोलत नसे.

बाबा रिटायर झाल्यावर आम्ही नोएडाला आलो, काकू मुलाच्या नावावर झालेल्या त्याच क्वार्टरमध्ये राहिल्या, आणि श्रावणातला तो शुक्रवार चुकला नाही. या वर्षी तो ऑपरेशननंतर नऊ आठवड्यांनी आला.

ऑपरेशन कुणालाच सांगितलेलं नव्हतं. पित्ताशयातला खडा काढला, असं सांगितलं होतं. कारण दोन वर्षांपूर्वी काकूंकडे येणाऱ्या बायकांपैकी एकीने हेच ऑपरेशन केलं, तेव्हा आईच सगळ्यांना फोनवर म्हणाली होती, "जिभेवर ताबा नाही, म्हणून पोट कापून घेतलं बाईनं."

"या वर्षी नाही जमत म्हण," बाबा म्हणाले.

"एकदा नाही म्हटलं की पुढच्या वर्षी दुसरी कुणीतरी बसेल माझ्या पाटावर." मग ती माझ्याकडे वळली. "तू चल. कुमारिका म्हणून काकू तुलाही बोलावतातच. माझ्या शेजारी बस. मी दोन घास खाईन आणि बाकीचं हळूच तुझ्या ताटात सारीन. तू खाऊन टाक. सवाष्णीनं पान टाकायचं नसतं."

"सगळ्यांसमोर?"

"तुझ्याकडे कुणाचं लक्ष असतंय?"

मी मान हलवली. हो म्हणाले, असाच त्याचा अर्थ होता.

काकूंच्या हॉलमध्ये पाट मांडलेले, भोवती रांगोळी. काकूंनी परातीत आईचे पाय धुतले आणि हात तिथेच थांबवला. "वहिनी, पाय केवढे बारीक झाले तुमचे!"

"खड्यानं पार वाट लावली हो."

"भरून काढू आज." मग माझ्या कपाळाला कुंकू लावताना, "आणि ही? हिला अजून किती वर्षं कुमारिका म्हणून जेवू घालायचं आम्ही?"

"तुम्हीच बघा कुणीतरी. मी तर थकले," आई म्हणाली. सगळ्या हसल्या. तोच हॉल, बऱ्याचशा त्याच बायका. आईला माझी मदत लागणार होती, तरी तिला तेवढं बोलल्याशिवाय राहवलं नाही.

पहिली पोळी आली. आईने कडेचा एक तुकडा तोडून तोंडात घातला. ती चावत होती आणि मी मनात मोजत होते. पंचवीस झाले. दुसरा तुकडा. मग काकू स्वयंपाकघरात वळल्या आणि आईचा हात उरलेली पोळी घेऊन माझ्या ताटाच्या काठाशी आला.

मी माझा हात ताटावर आडवा धरला.

नको म्हणताना सगळेच धरतात तसा. हे ऐनवेळी घडलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण येताना गाडीतच माझं ठरलं होतं.

आईने माझ्याकडे पाहिलं. "अगं," ती अगदी हळू म्हणाली. मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. काकू तूप घेऊन बाहेर आल्या.

"हे काय वहिनी, अजून पहिलीच? माझ्या गळ्याची शपथ आहे."

"खाते ना," आई म्हणाली, आणि तिने खाल्ली. ती सगळी पोळी, वर घातलेलं तूप, आणि काकूंनी शपथ घालून वाढलेल्या दुसऱ्या पोळीतली अर्धी. शेवटी शेवटी ती चावत नव्हती, गिळत होती. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. उरलेल्या अर्ध्या पोळीवर वाटी पालथी घालून ती उठली.

"पुढच्या वर्षी पूर्ण हं," काकू म्हणाल्या. ओटी भरताना त्यांनी आईच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही जेवलात, मी भरून पावले."

परतताना आश्रम चौकाच्या पुलावर गाडी अडकली. आईचा ब्लाउज घामाने पाठीला चिकटला होता. "छातीत धडधडतंय," ती म्हणाली. मला माहीत होतं काय होतंय ते. गोड एकदम पोटात गेलं की असंच होतं, हे डाएटिशियनने दिलेल्या कागदावर होतं आणि तो कागद आमच्या फ्रिजवर मीच लावला होता.

"मैडम, गाड़ी में नहीं! बाहर, बाहर!" ड्रायव्हर ओरडला. तिने दार उघडलं आणि बाहेर वाकून उलटी केली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. ओटीचा नारळ तिच्या मांडीवरून घरंगळून रस्त्यावर गेला. मी तिची पाठ धरली. तिने माझा हात झटकला.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "काय गं, जास्त झालं का?"

"नाही. काकू खूश होत्या," आई म्हणाली.

मी काय केलं हे तिने बाबांना सांगितलं नाही, मलाही काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी काटा काढायला गेले तर तो तिच्यासमोर होता. तिने स्वतःचं स्वतः मोजलं होतं. साठ. वर तीन ग्रॅम नाहीत, खाली नाहीत.

मग ती उठली आणि मला आग्रहाने वाढायला आली. आयुष्यात पहिल्यांदा. दोन पोळ्या मी घेतल्या होत्या, तिने तिसरी घातली, वर तूप.

"आई, बस."

"घे गं. अजून एक घे. माझ्या गळ्याची शपथ."

आता हे रोज होतं. ती तिचे साठ ग्रॅम संपवते, तोंड पुसते आणि माझ्यासमोर बसून मी शेवटचा घास गिळेपर्यंत बघत राहते. माझ्या ऑफिसच्या कुर्त्यांच्या शिवणी तिने स्वतःच उसवून दिल्यात. मी खाते. ताटावर हात धरायला हात उचलतच नाही.