फ्लाकच्या बाजारात सोलापूरचे टॉवेल

साठच्या दशकात सरकार सारखं सांगत होतं: निर्यात करा, देशाला परकीय चलन हवंय. सोलापुरात माझे टॉवेलचे माग होते. मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत, ब्रिटिशांच्या त्या बेटावर राष्ट्रकुलातलं म्हणून आपल्या कापडाला जपानी कापडापेक्षा जकात कमी पडते, एवढं कळलं आणि मी मुंबईहून बोट धरली. तिकीट पदरचं.

पोर्ट लुईहून सांत्र द फ्लाकची बस घ्या आणि खिडकीशी बसा. दोन्ही बाजूंना ऊस इतका उंच, की पुढचं वळण दिसत नाही. उतरल्यावर गरम दालपुरी खा. दोनांत दुपार निभते.

बाजारात विठूकाकांचं कापडदुकान होतं. त्यांचे आजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर मजुरीला आलेले. माझं मराठी ऐकून काका उठलेच.

"आयो! देशातला मानूस माज्या लाबुतिकात!"

ऑर्डर मिळालीच असं धरून मी त्या लाबुतिकात, म्हणजे दुकानात शिरलो, तर आत एक जपानी विक्रेता बसलेला. काकू त्याच्या नायलॉनच्या साड्या खांद्यावर टाकून बघत होत्या. माझी टॉवेलच्या नमुन्यांची पेटी बांधलेलीच राहिली.

संध्याकाळी खाणावळीत तो मोडक्या इंग्रजीत बोलता झाला. निम्मा प्रवासखर्च त्याच्या सरकारचा. माल बुडाला तर विमाही सरकारचाच. शिवाय ब्रिटन आणि जपानची व्यापाराची बोलणी जुळत आली होती, म्हणजे त्याची जकातही उतरणार!

सकाळी माएबूर्गला जायला त्याने टॅक्सीत जागा देऊ केली. मी तोऱ्यात नाही म्हटलं आणि बसने गेलो. समुद्रकाठचं ते गाव सुंदर आहे म्हणतात. मला आठवतात फक्त दुकानदारांचे चेहरे. "जपानी आत्ताच येऊन गेला," सगळे हेच सांगत होते.

फ्लाकला परतून मी काकांपुढे मळमळ ओकली. "त्याचं भाडंसुद्धा सरकार देतं, काका. माझ्यामागं कोण आहे?"

काका कापडाची घडी घालत होते. "आमच्या आज्याला पन फुकट तिकीट दिलं व्हतं, बाबा. सरकाराच्या मर्जीनंच धाडलं इकडं. तो परत गेलाच न्हाय."

मग त्यांनीच माझी पेटी उघडली, एक टॉवेल गालाला लावून पाहिला. "बों, बेस हाय! नायलॉनानं आंग पुसता येत न्हाय. दोन गठ्ठे धाड."

दोन गठ्ठ्यांत बोटीचं भाडंही निघालं नाही. पुढे आम्हालाही सवलती मिळाल्या, निर्यातीच्या बदल्यात परदेशी रंग आणायचे परवाने मिळाले, धंदा वाढला. आज ऐंशी उलटली. काकांचं ते फुकट तिकिटाचं बोलणं आठवलं की माझीच मला लाज वाटते. तरी खरं सांगतो, परक्या बाजारात त्या जपान्यामागे त्याचा देश उभा होता, हे अजून सलतं.