भोंगा न वाजता आलेली भरती

मी आयुष्यभर भूगोल शिकवला आणि समुद्राचं पाणी वाढतं कसं, हे मला ठाऊक नव्हतं. ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. आता वय झालंय, सांगून टाकतो.

पेडगावच्या माझ्या साडूंनी, दिगंबररावांनी, नवी गाडी घेतली. "गुरुजी, समुद्राकाठची जुनी गावं बघत निवांत हिंडू," म्हणाले. दोन जोडपी निघालो. रेवदंड्याची तटबंदी पाहिली, चौलची देवळं पाहिली (आमच्या चारठाण्याच्या जुन्या देवळांपुढं काहीच नाही, असं मी प्रत्येक देवळात मोठ्यानं सांगितलं!) आणि अलिबागला पोचलो.

पाणी ओसरलं होतं. ओल्या वाळूवरून समुद्रातल्या किल्ल्यापर्यंत चालत जाता येत होतं. बायका चपला हातात घेऊन पुढं निघाल्यासुद्धा. दिगंबररावांनी गाडी वर झाडांकडं वळवली.

"तिकडं कुठं? घ्या खाली वाळूत! गुडघे दुखायलेत माझे."

"वाळू वली हाय, गुरुजी. पानी येईल की वो."

"येईना का! पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजत नाही का?"

(येलदरी धरणाचं पाणी सोडतात तेव्हा वाजतो. समुद्राला दरवाजे नसतात, हे मला फक्त वर्गात आठवायचं.)

भूगोलाच्या मास्तरापुढं शेतकरी काय बोलणार? गाडी वाळूत लागली.

किल्ल्याच्या तटावर मी सगळ्यांना इतिहास सांगत बसलो. (तो तर माझा विषयही नव्हता!) आरमाराच्या लढाईला तोंड लागलं, तेवढ्यात मेहुणी किंचाळली, "अगं बाई! आपली गाडी पवायली!"

खरंच! वाळू गायब, चहूकडं पाणी, आणि मधे ती नवी गाडी डुलत होती. पूजेचा हार सुटून आमच्याच दिशेनं निघाला होता.

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मला ओळखीची. मी घाईनं विचारलं, "दिगंबरराव, हँडब्रेक ओढला होता का?"

"वढला हुता... वाटतं."

"वाटतं?" दोघी बहिणी एका सुरात!

संपलं. आम्हाला होडीनं बाहेर काढलं, गाडीला ट्रॅक्टरनं. गाडी दुरुस्त झाली; दिगंबररावांचं नाव नाही झालं. लग्नकार्यात पोरंसोरं कुजबुजतात, "हँडब्रेकमामा आले!" मेहुणीनं किल्ली कमरेला खोचली ती खोचलीच. गाडीची एवढी हौस असलेल्या माणसाला देवगाव फाट्यापर्यंतही गाडी नेता येत नाही.

गेल्या दिवाळीत धीर करून पेडगावला गेलो. दिगंबरराव अंगणात गाडी धूत होते. (तेवढी परवानगी आहे.)

"दिगंबरराव, त्या दिवशी अलिबागला..."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. डोळे भरून आले. "गुरुजी, लय दिसांपासून बोलायचं हुतं. हँडब्रेक मीच इसरलो. तुमी एका शब्दानं बोलले न्हाईत मला. माफी करा."

आता माझी पाळी होती. तेवढ्यात मेहुणी चहा घेऊन दारात आली, आणि तिच्या मागं माझी बायको. मी दिगंबररावांच्या खांद्यावर हात ठेवला, घसा साफ केला आणि म्हणालो,

"जाऊ द्या. केलं माफ!"