मी आजींना थांबा म्हणाले

उलटी डॉक्टरांच्या बुटावर उडाली. पाथर्डीकडची आजी होती, कॉटवर उताणी पडलेली, अंगात त्राण नव्हतं. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडं पाहिलं.

"पूस."

मी कापसाचा बोळा घेऊन खाली बसले. नर्सिंगचं दुसरं वर्ष. पारनेर तालुक्यातल्या वाडीतून नगरला आलेली मी, वर्गातही तोंड उघडत नव्हते. डॉक्टर सोबतच्या शिकाऊ डॉक्टरांना हसून म्हणाले, "खेड्यातनं उठून येतात नर्स व्हायला. एवढं जमलं तरी पुष्कळ."

वरून आजीचा आवाज आला. "पोरी, मला कुशीवर कर गं. घुसमटतंय."

"थांबा आजी," मी म्हणाले. आणि बूट पुसत राहिले.

उठले तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. मग पळापळ. चौथ्या दिवशी आजी गेली. उलटी छातीत उतरली होती, असं वॉर्डातल्या सिस्टर हळूच म्हणाल्या. कागदावर नुसतं न्यूमोनिया.

त्यानंतर मेसमध्ये कुणी सहज "थांब" म्हटलं तरी मी ताट सोडून उठायचे. वॉर्डात पाय ठेवला की पाठीमागून ती हाक. वळून बघायचे, तर त्या कॉटवर दुसरंच कुणी. कोर्स सोडते, हे सांगायला घरी दोनदा फोन लावला. दोनदा कापला.

मग कॉलेजात विद्यार्थिनींच्या पाहणीचे फॉर्म वाटले. स्वभाव कसा, ताण किती, या पेशाबद्दल काय वाटतं. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांनी चांगलं लिहा. कॉलेजच्या नावाचा प्रश्न आहे."

मी घडलं ते लिहिलं. बूट. आजी. माझं ते "थांबा".

मॅडमनी बोलावून घेतलं. "तुझा स्वभावच हळवा. ताण तुला झेपत नाही. हे खोड."

"न्हाई मॅडम."

एवढ्या मोठ्यानं मी त्या इमारतीत कधीच बोलले नव्हते.

"आजी गेली, ते कसं खोडू?"

त्यांनी फॉर्म फाडला. मी दुसरा मागितला. त्यांच्यासमोर उभ्या उभ्या तेच पुन्हा लिहिलं. या वेळी डॉक्टरांच्या नावासकट.

डॉक्टर अजून राउंडला येतात. आजी अजून हाक मारते. मारू दे. मी कोर्स सोडणार नाही. उद्या नर्स झाले की माझ्या हाताखाली पहिली पोरगी शिकायला येईल. तिला सुई धरायला शिकवायच्या आधी "न्हाई" म्हणायला शिकवीन.