माझ्या खुर्चीवर वहिनी

आठव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी मी बीडहून नेकनूरजवळच्या माहेरी आले, तेव्हा आईचा पहिला प्रश्न तब्येतीचा नव्हता. "तुझ्या जागी कोण हाय?" असं तिने विचारलं.

मी म्हणाले, कुणी नाही. सुट्टी टाकलीय, सव्वीस आठवड्यांची, तीही पगारी. कायदाच आहे तसा. मी शुद्ध थाप मारतेय अशा नजरेनं आईने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता भाकरी थापायला बसली. ती गप्प बसली की काहीतरी शिजतंय, हे मला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं. पण मी पाय पसरून बसायच्या आनंदात होते.

बीडला मी एका कोचिंग क्लासमध्ये नोकरी करायचे. सकाळी जीवशास्त्राच्या सराव परीक्षा घ्यायच्या आणि उरलेला दिवस काउंटरवर बसून पालकांना समजावायचं, की मुलगा डॉक्टर होईलच असं आम्ही लिहून देत नाही. चार वर्षं ती खुर्ची माझी होती. क्लासच्या मालकांना आम्ही सर म्हणायचो. सुट्टीचं मी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं, त्यांनी उत्तरादाखल एक अंगठा पाठवला. कामगार कार्यालयातल्या बाईंनी मला बजावलं होतं, "दहाच्या वर माणसं आहेत ना तुमच्याकडे? मग तुमचा हक्कच आहे. पण अर्ज कागदावर द्या आणि पोच घ्या." अर्ज मी लिहिलासुद्धा. द्यायचा मात्र धीर झाला नाही. ऐन प्रवेशाच्या दिवसांत सहा महिने गायब होणारी बाई सरांना नकोशी झाली तर? एरवी कुणालाही फाडफाड बोलणारी मी, अर्ज पर्समध्ये तसाच ठेवून माहेरी आले. अंगठ्यावर भागवलं.

चौथ्या दिवशी सकाळी आई आणि वहिनी बाजाराला म्हणून गेल्या. अकराच्या सुमारास सरांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही कुणाला पाठवलंय? त्या तुमच्या खुर्चीवर येऊन बसल्यात."

मला एका क्षणात सगळं कळलं. माझे आईवडील वर्षानुवर्षं ऊसतोडीला जायचे. तिकडे एक कोयता म्हणजे एक नवरा-बायको. बाई बाळंत झाली की जोडी मोडू नये म्हणून तिची जाऊ, नणंद, बहीण अशी घरातलीच कुणीतरी तिच्या जागी उभी राहते. तशी कुणी मिळाली नाही तर मुकादम दुसरी जोडी बघतो. आईच्या लेखी रिकामी जागा कुणाचीच नसते. म्हणून तिने घरी शिवणकाम करणाऱ्या, बारावी झालेल्या सुनेला लग्नसराईचे ब्लाउज मशीनवर अर्धवट टाकायला लावले आणि एसटीने नेऊन माझ्या खुर्चीवर बसवलं.

माझं डोकं फिरलं. मिळेल त्या जीपमध्ये बसून, पोट सांभाळत, मनातल्या मनात आईवर तोंडसुख घेत मी बीड गाठलं. लाजही वाटत होती, खोटं कशाला सांगू. काउंटरवर नऊवारीतली आई आणि समोर सगळे पालक, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

क्लासच्या दारात पोचले आणि पाय थबकले. दारावर नवा कागद चिकटवला होता. 'काउंटरसाठी महिला पाहिजे. कायमस्वरूपी.'

आत वहिनी माझ्या खुर्चीच्या कडेला कशीबशी टेकली होती. आई अजून सरांसमोर उभी होती आणि बाकावरचे पालक फॉर्म भरायचं सोडून ऐकत होते.

"सायेब, ही माझी सून. शिकल्याली हाय. लेक येईस्तोवर ही बसंल. दुसरी बाई ठिवू नका."

सर हसले. "मावशी, असं काही करावं लागत नाही इथे."

"करावं लागत न्हाई, मंग दारावर कागद कावून लावला? सूनबाईनं वाचून दाखवला मला."

सरांचं हसू मावळलं. आईसाठी जीपमधून आणलेला माझा सगळा राग जागच्या जागी दिशा बदलून सरांकडे गेला. मी पर्समधून अर्ज काढून टेबलावर ठेवला. "सर, सव्वीस आठवडे. सुट्टीवर असताना मला काढता येत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. पोच द्या." पेनही त्यांच्यापुढे सरकवलं.

सर वाईट माणूस नव्हते. घाबरट होते, माझ्यासारखेच. त्यांनी पालकांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "अहो मॅडम, ते कायमस्वरूपी चुकून पडलं," म्हणाले. ते चुकून कसं पडतं, हे मी विचारलं नाही. त्यांनी अर्जावर 'मंजूर' लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि एक प्रत माझ्या हातात दिली. मग स्वतः उठून दारावरच्या कागदावरचा तो शब्द खोडला आणि वर 'सहा महिन्यांसाठी' असं लिहिलं.

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "ताई, मी जीपनं फुडं होते. नवरीचं ब्लाउज पडलंय."

"तुझ्या बाळंतपणात मशीन किती दिवस बंद होतं गं?"

"बंद? महिन्याच्या आत बसले की. गिऱ्हाईक थांबतंय व्हय कुणासाठी? मला कोण सुट्टी देणार, मीच मालक." ती हसत हसत गेली. मला मात्र हसू आलं नाही. आपलं लेकरू मांडीवर घेऊन ती काजं-बटणं करायची, ते मी पाहिलं होतं.

आई आणि मी एसटी स्टँडवर येऊन बसलो. कितीतरी आठवड्यांनी मला छातीभर श्वास घेता आला. इतकं हलकं वाटलं, की त्या गर्दीत मी चक्क रडले. आई घाबरली, म्हणून मी तिला अर्ज आणि त्यावरचा सरांचा शेरा वाचून दाखवला.

"म्हंजी खुर्चीवर कुणी का बसंना, जागा तुझीच?"

"माझीच."

"आन् तू घरी निजून ऱ्हायलीस तरी?"

"तरी."

तिने परत वाचायला लावलं. मी परत वाचलं. मग समोरच्या फलाटाकडे बघत ती म्हणाली, "तुझ्या टायमाला माझ्या जागी कुणीच न्हवतं. बाराव्या दिशी गेलते मी फडात. तुला बांधावर निजवून."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. मी तिचा हात धरला, तो तिने थोडा वेळ राहू दिला.

नेकनूरची गाडी लागली. तिने माझी पर्स स्वतःच्या खांद्याला अडकवली, मला दंडाला धरून उठवलं आणि म्हणाली, "सव्वीस आठवडे म्हन्ला न्हवं कागद? मंग निज बाई. एक दिस बी सोडू नको."