फाळक्यावरच्या दोन थापा

त्या दिवशी नाते गावी पत्रे उतरवून घरी पोचलो तेव्हा कंबर मोडून आली होती. अंगणाच्या तोंडाशी टेम्पो थांबवला आणि अनशीला सांगितलं, आज सरळ आत घालतो, सकाळचं सकाळी बघू. अनशी म्हणजे अनसूया, माझी बायको. ती तांदूळ पाखडत होती. सूप ओट्यावर ठेवलं आणि टेम्पोच्या मागे जाऊन उभी राहिली. म्हणजे रिव्हर्स.

ज्यांनी कधी मालाची गाडी चालवली नाही त्यांना सांगतो. टेम्पोच्या मागे माल उतरवायला खाली पडणारं झाकण असतं, त्याला फाळका म्हणतात. ड्रायव्हरला फाळक्याच्या मागचं काही दिसत नाही. म्हणून क्लीनर मागे उभा राहून त्याच्यावर थाप मारतो. एक थाप, येऊ दे. दोन थापा, थांब. दोन पडल्याशिवाय मी कधी इंजिन बंद केलं नाही. शाळा चौथीत सुटली, पण एक आणि दोन मला पक्के येतात.

आमचा क्लीनर मुंबईला वॉचमन होऊन गेला. तेव्हापासून हे काम अनशीकडे. तिला पगार नव्हता. शिव्या मात्र मीच खायचो.

आधी ती थापा मारत नसे, तोंडाने सांगायची. "येव दे, येव दे." एकदा गणपतीच्या आधी मी असाच टेम्पो मागे घेत होतो. शेजारची शेवंतावयनी कुंपणाजवळ आली आणि तिने विचारलं, जावई येतायत का गो गणपतीला? अनशी तिच्याकडे तोंड करून म्हणाली, "येव दे की. घर तेंचंच हाय. येव दे."

मी येऊ दिला. गोठ्याचा खांब गेला, वरची कौलं गेली. म्हैस बाहेर येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. मी उतरून ओरडलो, किती येव दे, येव दे करतेस?

"मी जावयाला बोलवत व्हते," ती म्हणाली. "तुमी जावय हाव का?"

हे सगळ्या वाडीला पाठ झालं. जावई आजही दारात आले की आधी बाहेरूनच विचारतात, येऊ ना? तेव्हापासून रिव्हर्सच्या वेळी अनशीने तोंड बंद ठेवलं, हाताने थापा. तेवढा वेळच काय ते तोंड बंद असायचं.

आता रिव्हर्स कशाला, तर टेम्पोचं तोंड कायम रस्त्याकडे पाहिजे हा तिचा हट्ट. आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला. मोठा दवाखाना महाडला. पावसात कशेडी घाटात दरड आली की ट्रकांची रांग लागते आणि ॲम्ब्युलन्स कुठे अडकेल सांगता येत नाही. ती म्हणायची, दुखणं सांगून येत नाय, कोणाला लागलं तर तुमी काय काटा मारत बसणार? काटा मारणं म्हणजे स्टेअरिंग वळवणं. तिच्या हट्टामुळे वाडीतल्या किती बायका वेळेवर महाडला पोचल्या. आमची लेक कुंदा पहिल्या बाळंतपणाला आली होती, तीही याच टेम्पोतून गेली. तेव्हा झालेली नात म्हणजे प्राची. अनशी तिला सांगायची, तू सरळ निघालेल्या गाडीतनं आलीस, म्हणून नाकासमोर चालतेस. प्राची अजिबात नाकासमोर चालत नाही. ती आजीवर गेलीय.

तर त्या संध्याकाळी दोन थापा पडल्या. मी खिडकीतून म्हटलं, अजून हातभर जागा आहे.

"मंग म्हशीला कुठं बसवू? तुमच्या मांडीवर?"

मी इंजिन बंद केलं.

भात उतरवता उतरवता ती चुलीपुढेच खाली बसली. छातीला हात, अंगभर घाम. पित्त आहे म्हणाली. पित्ताने लुगडं भिजत नाही, एवढं मलाही कळतं. शेवंतावयनीला हाक मारली. दोघांनी तिला उचलून पुढच्या सीटवर बसवलं, वयनीने धरून ठेवलं. टेम्पो एका दमात रस्त्याला लागला. पोलादपूर मागे पडल्यावर अनशी हळूच म्हणाली, "बघा. तोंड रस्त्याला व्हतं ना?"

मी म्हटलं, गप बस. लग्न झाल्यापासून सांगत आलो होतो, तेव्हाही तिने ऐकलं नाही. महाड येईपर्यंत म्हशीच्या पेंडीचं सांगत होती.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, पण हृदय फार थकलंय. त्या वेळेत आणण्याने आम्हाला एक दिवस मिळाला. सासरहून, नातेहून कुंदा आली, प्राची आली. प्राचीने आजीची वेणी घातली. जावई वॉर्डच्या दारात थांबले, कारण नर्स आणखी कोणाला आत सोडत नव्हती. अनशीने त्यांना बघितलं, तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "येव दे."

आम्ही सगळे हसलो. जावईसुद्धा. नर्सला कळेना, दवाखान्यात हसतात काय ही माणसं.

दुपारी ती गेली. हिरव्या बांगड्या घालून तुमच्या आधी जाणार, असं नेहमी म्हणायची. मी म्हणायचो, मी आधी. यातही तिनेच खरं केलं.

टेम्पो जावयांनी घरी आणला होता. घाईत सरळ आत घातलेला, तोंड गोठ्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून चावी घेतली. कुंदा म्हणाली, बाबा, राहू दे. ओट्यावरच्या कोणीतरी सुतकाचं काढलं. मी म्हटलं, दुखण्याला सुतक नसतं. जावई मागे उभं राहायला उठले. त्यांना म्हटलं, तुम्ही बसा, तुमच्या नावाने एक खांब आधीच गेलाय.

टेम्पो बाहेर काढला, फिरवला आणि मागे घ्यायला लागलो. एकट्याने रिव्हर्स घ्यायची एकच रीत आहे. उतरायचं, बघायचं, चढायचं, हातभर घ्यायचं, परत उतरायचं. वेळ लागतो. ओट्यावरची माणसं बघत होती. खांब वाचला. हातभर जागा उरली, ती म्हशीला ठेवली.

इंजिन चालूच होतं. उतरून मागे गेलो, फाळक्यावर दोन थापा मारल्या. मग पुढे येऊन बंद केलं.