रॉडखालची दोन बोटं

हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिला सगळे मुकादम म्हणत. कागदोपत्री ती साधी कामगार होती, पण तिने नुसतं वळून पाहिलं की गप्पा मारणाऱ्यांचे हात चालू लागायचे. रागीट म्हणून तिची ख्याती होतीच. तरी त्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीत ती जशी भडकली, तशी भडकताना तिला कुणी पाहिलं नव्हतं. आणि त्या वेळी सगळे चक्क तिचं कौतुक करत होते.

झालं असं, की इस्त्रीवर काम करणारी चष्मेवाली फोन नाचवत आली. "मुकादम, तुम्ही फोनवर आलात की हो! जिमवाल्यांनी टाकलंय. वय अठ्ठावन्न, पन्नास किलो!"

डबे बाजूला सारून सगळ्या जणी फोनभोवती गोळा झाल्या. व्हिडिओत मुकादम बाकावर उताणी पडली होती, रॉड छातीपर्यंत आला होता आणि डोक्याशी उभा असलेला कोच ओरडत होता, "तुमचंच आहे मावशी! तुमचंच आहे!" रॉड अर्ध्यावर अडखळला, मग सरकन वर गेला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुपरवायझरसुद्धा चहाचा कप घेऊन आला. बघून म्हणाला, "शब्द म्हणजे शब्द. सोमवारपासून परत मशीनवर."

"थांब," मुकादम चष्मेवालीला म्हणाली. "मागे घे जरा."

"काय झालं?"

"मागे घे म्हणते ना!"

तिने तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला. रॉड अडखळला तिथे, रॉडच्या खाली, कोचच्या दोन्ही हातांची दोन-दोन बोटं आकड्यासारखी वळलेली होती. आणि ती वर जात होती. रॉडच्या पाठोपाठ नाही, रॉडला घेऊन.

मुकादमने डब्याचं झाकण असं लावलं, की शेजारणीच्या डब्यातला चमचा उडाला.

ती मशीनवर परत जाण्यासाठी का झुरत होती, ते सांगायला हवं. वर्षानुवर्षं ती मोठ्या धुलाईयंत्रावर होती. ओल्या चादरींचे पीळ पडलेले गठ्ठे बाहेर ओढायचे, ट्रॉलीत टाकायचे, ट्रॉली ढकलत सुकवायच्या खोलीत न्यायची. मग एकदा ओल्या फरशीवर पाय घसरला आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, पण सुपरवायझरने तिला उशांचे अभ्रे घड्या करायला बसवलं. खिडकीशी खुर्ची दिली, वर पंखा दिला. तिला तो पंखासुद्धा अपमान वाटायचा. डॉक्टरने हाडं ठिसूळ होताहेत, थोडं वजन उचलत जा, असं सांगितलं, आणि ती घराजवळच्या जिममध्ये जाऊ लागली. सुपरवायझर एकदा थट्टेत म्हणाला होता, "ज्या दिवशी पन्नास किलो ढकलशील ना, त्या दिवशी मशीन तुझं." त्याने थट्टा केली होती. तिने तो ठराव मानला होता.

पहिल्या दिवशी नुसता रिकामा रॉड उचलताना तिचे हात लटलटले. तेव्हापासून प्रत्येक वेळचा आकडा ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने लिहायची. किती वजन, किती वेळा. वाईट दिवसाला गोल. जिमच्या भिंतीवरही फळा होता. ज्याने उचललं त्याने आपला सर्वांत मोठा आकडा स्वतःच्या हाताने खडूने लिहायचा, आणि दुसऱ्या कुणाचा हात रॉडला लागला असेल तर लिहायचा नाही, असा तिथला नियम. तरणीताठी पोरंसुद्धा तो पाळायची. मुकादमचा आकडा हळूहळू चढला आणि पंचेचाळीसवर येऊन बसला. हलेना. आठवडे गेले, कॅलेंडरवर गोलच गोल झाले. घरात नळ जोरात बंद होऊ लागले, भांडी आदळू लागली.

मग तो पन्नासचा दिवस आला. पडलेल्या माणसाला कोचची बोटं कुठून दिसणार? दिसतो तो फक्त रॉड आणि छतावरचा दिवा. अर्ध्यावर रॉड एकाएकी हलका झाला होता, हे तिला आठवत होतं. तिला वाटलं होतं, अंगात कुठेतरी दडून बसलेलं बळ हेच. त्या रात्री तिला आनंदाने झोप लागली नव्हती. ते आठवून तर तिचं डोकं आणखी फिरलं.

कामावरून ती तडक जिममध्ये गेली. कोच काउंटरवर केळं खात होता.

"बोटं का लावलीस?"

"कसली बोटं, मावशी?"

"माझ्यासमोर नाटकं करू नकोस. फोनवर साऱ्या गावाने बघितलं."

कोचने केळं खाली ठेवलं. "अहो, थोडासा आधार असतो तो. सगळेच देतात. माणसाला उत्साह येतो."

"मग ओरडत काय होतास, तुमचंच आहे म्हणून? आमचं आहे म्हणायचं होतंस!"

पोरं हसली. मुकादमने वळून पाहिलं. हसू थांबलं.

कोच खाली मान घालून पुटपुटला, "मावशी, काकांनीच सांगितलं होतं मला. एकदा होऊ द्या हो तिचं, म्हणाले. माझा काय दोष?"

काका म्हणजे मुकादमचा नवरा. घड्याळं दुरुस्त करणारा, हळू बोलणारा, हळू चालणारा माणूस. मुकादम वळली. फळ्याकडे गेली, आपल्या नावापुढचा पन्नासचा आकडा तळहाताने पुसला आणि तोच पांढरा हात घेऊन घरी आली.

घड्याळजी खिडकीपाशी डोळ्याला भिंग लावून बसला होता. समोर एक हातघड्याळ उघडं पडलं होतं.

"कोचला काय सांगितलंत तुम्ही?"

त्याने भिंग काढलं. तिचा हात पाहिला, चेहरा पाहिला, आणि त्याला सगळं कळलं.

"अगं, तू किती त्रास करून घेत होतीस. ते गोल बघवेनात मला. म्हटलं, एकदाचं होऊन जाऊ दे, तुझंही समाधान आणि..."

"आणि काय?"

"आणि भांडीही वाचतील."

एरवी ती हसली असती. "हे कुणाचं घड्याळ आहे?"

"शेजारच्या मास्तरांचं. मागे पडतं."

"मग करा ना काटे पुढे बोटाने! द्या त्यांच्या हातात. खूश होतील बिचारे. परवा शाळा बुडेल, तो त्यांचा प्रश्न!"

"असं कुणी करतं का?"

"मग माझेच काटे का ढकललेत?" तिचा आवाज चढला. "त्या आकड्यावर मला मशीन मिळालंय, माहीत आहे? सोमवारी मी ओला गठ्ठा ओढायला वाकले असते, पन्नास जमतं या भरवशावर. तिथे कोण येणार होतं बोटं लावायला? तुम्ही?"

घड्याळजीने मान खाली घातली. "चुकलं माझं," तो म्हणाला.

"चुकलंच. उद्या सकाळी जिममध्ये चला माझ्याबरोबर."

"मी? मी तिथे काय करू?"

"उभं राहा. हात खिशात घालून."

रविवारी जिममध्ये गर्दी नव्हती. मुकादमने नेहमीचा बाक सोडून कोपऱ्यातल्या लोखंडी पिंजऱ्यातला बाक घेतला. तिथे दोन्ही बाजूंना आडवे दांडे होते. रॉड सुटलाच तर दांड्यांवर अडकला असता, माणसावर पडला नसता. म्हणजे डोक्याशी कुणी उभं राहायची गरजच नाही. कोचला तिने चार पावलं लांब उभं केलं. घड्याळजी त्याच्या शेजारी, खिशात हात घालून, परीक्षेला बसल्यासारखा.

पंचेचाळीस गेले. रागानेच गेले म्हणा ना. मग तिने दोन्ही बाजूंना बशीएवढी एकेक छोटी प्लेट चढवली. साडेसत्तेचाळीस. रॉड खाली आला, छातीला टेकला, वर निघाला आणि नेमका तिथेच अडखळला. मुकादमच्या कपाळावरची शीर फुगली. घड्याळजीचा उजवा हात खिशातून अर्धा बाहेर आला.

"खिशात!" ती दातांतून ओरडली.

हात आत गेला. रॉड थरथरत, वाकडा होत, बोट-बोट करत वर चढला. हलका मात्र कुठेच झाला नाही. शेवटपर्यंत सगळाच्या सगळा तिच्यावर होता. हात सरळ झाले. रॉड स्टँडवर आदळला.

"वा मावशी!" कोच पुढे आला. "आता फळ्यावर अठ्ठेचाळीस लिहून टाका. अर्ध्या किलोला कोण विचारतंय?"

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो आपल्या जागी परत गेला.

मग तिने आणखी दोन छोट्या प्लेट्स चढवल्या. पन्नास. या वेळी रॉड खाली आला तो आलाच. तिने ढकलला, पाय रोवले, घशातून आवाज निघाला, पण रॉड हटेना. शेवटी तो बाजूच्या दांड्यांवर सोडून ती खालून सरपटत बाहेर आली. लाल झालेली, घामाने भिजलेली, प्रचंड चिडलेली. फळ्यावर तिने साडेसत्तेचाळीस लिहिलं. खडू तुटला.

सोमवारी ती सुपरवायझरच्या टेबलासमोर उभी राहिली. "पन्नास खोटे होते. कोचचा हात होता. खरे साडेसत्तेचाळीस."

सुपरवायझर हसला. "अगं, अडीच किलोने काय होतंय? मी हो म्हणालोय ना. जा मशीनवर."

"नाही उचलले गेले ते अडीचच किलो. पन्नास ठरलं होतं."

"कुणी ठरवलं होतं? मी गमतीत बोललो होतो!"

"मी गमतीत ऐकलं नव्हतं. पन्नास झाले की सांगायला येणार नाही. मशीन चालू झाल्याचा आवाज येईल."

आणि ती खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. त्या दिवशी अभ्र्यांच्या घड्या इतक्या करकरीत पडल्या, की चष्मेवाली म्हणाली, इस्त्रीची गरजच राहिली नाही. मुकादमने पंखा मात्र बंद करून टाकला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा घड्याळजी स्वयंपाकघरात कॅलेंडरपुढे उभा होता. हातात पेन्सिल होती, टोक केलेली. आदल्या दिवशीची चौकट कोरीच होती. रागाच्या भरात ती लिहायला विसरली होती.

"मी लिहू का?" त्याने हळूच विचारलं. "साडेसत्तेचाळीस, एकदा. आणि खाली पन्नास, गोल."

तिने त्याच्या हातून पेन्सिल काढून घेतली.

"हात लावू नका," ती म्हणाली.